‘मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर’ : एका संज्ञेची भौतिकशास्त्रीय समीक्षा

सारांश

मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर हे आजचे सर्वांत प्रखर क्ष-किरण निर्माण करणारे साधन आहे. त्याच्या नावात तीन शब्द आहेत आणि तिन्ही शब्द विद्यार्थ्याच्या मनात काही अपेक्षा निर्माण करतात. या साधनातील प्रारणाचे भौतिकशास्त्र त्या अपेक्षांना कितपत उतरते, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे. येथील इलेक्ट्रॉन ‘मुक्त’ नसून केवळ अबद्ध आहे. प्रारण एकट्या इलेक्ट्रॉनचे नसून समूहाचे आहे. आणि ‘लेसर’ ही उपाधी काही अर्थांनी सार्थ, तर काही अर्थांनी दिशाभूल करणारी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. नाव बदलावे अशी लेखाची सूचना नाही. त्या नावामागील भौतिकी अभिजात विद्युतगतिकीच्या वाटेने शिकवली जावी, एवढाच आग्रह आहे.

बीजशब्द : प्रारण, अनड्युलेटर, कलासंबद्धता, उद्दीपित उत्सर्जन, अभिजात विद्युतगतिकी

१. प्रस्तावना

शास्त्रीय संज्ञा ही केवळ ओळखीची खूण नसते. ती विचाराला वळण लावते. ‘उष्माधारकता’ हा शब्द याचे साधे उदाहरण आहे. उष्णता हा एक द्रव आहे ही कल्पना एकोणिसाव्या शतकातच टाकून देण्यात आली. तरीही पदार्थात उष्णता ‘साठते’ हा समज त्या शब्दाचे बोट धरून आजही वर्गात येतो आणि उष्मागतिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला तो दरवर्षी नव्याने दूर करावा लागतो. संज्ञा कालबाह्य झाली म्हणून ती टाकता येत नाही, पण तिची वेळोवेळी झडती घेणे हे अध्यापकाचे कामच आहे.

अशाच झडतीची गरज ‘मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर’ या संज्ञेला आहे. कॅलिफोर्नियातील स्लॅक राष्ट्रीय प्रयोगशाळेत एप्रिल २००९ मध्ये ‘लिनॅक कोहेरंट लाइट सोर्स’ या यंत्रातून १.५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे तीव्र क्ष-किरण प्रथम मिळाले. त्यानंतर जपानमधील साक्ला (२०११), जर्मनीतील युरोपियन एक्सएफईएल (२०१७) अशी यंत्रे उभी राहिली. प्रथिनांचे स्फटिक, रासायनिक बंध तुटण्याचे क्षण, अतितप्त द्रव्य अशा विषयांवरील संशोधनात त्यांचा उल्लेख आता नित्याचा झाला आहे. साहजिकच पदव्युत्तर वर्गात लेसर शिकवताना शेवटी एका परिच्छेदात या साधनाचा समावेश केला जातो. ‘ज्या लेसरचे माध्यम मुक्त इलेक्ट्रॉन असतात तो मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर’, अशी व्याख्या दिली जाते आणि विषय पुढे सरकतो.

एखादा चौकस विद्यार्थी मात्र येथे तीन प्रश्न विचारतो. इलेक्ट्रॉन मुक्त असेल तर त्याच्या ऊर्जापातळ्या कोणत्या? पातळ्या नसतील तर त्यांतील संख्येचे व्युत्क्रमण कशाचे? आणि क्ष-किरणांना समोरासमोर परतवणारे सर्वसाधारण आरसे उपलब्ध नाहीत, मग अनुनादी पोकळी कोठे आहे? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्या दोहोंचे उत्तर ‘नाहीत’ असे आहे आणि तिसऱ्याचे उत्तर ‘क्ष-किरणांच्या आजच्या यंत्रांत तिची गरज पडत नाही’ असे आहे. लेसरच्या प्रकरणात आपण जे तीन आधारस्तंभ म्हणून शिकवले, त्यांपैकी एकही येथे उभा नसेल, तर हे प्रकरण त्या जागी शिकवणे कितपत योग्य आहे? नावातील एकेक शब्द घेऊन या प्रश्नाकडे पाहता येईल.

२. ‘मुक्त’ : बंधन नसणे आणि स्वातंत्र्य असणे

पूर्णतः मुक्त इलेक्ट्रॉन, म्हणजे निर्वात पोकळीत कोणत्याही क्षेत्राविना एकसमान गतीने जाणारा इलेक्ट्रॉन, प्रारण करूच शकत नाही. याची सिद्धता दोन ओळींची आहे. इलेक्ट्रॉन ज्या संदर्भचौकटीत स्थिर आहे त्या चौकटीत त्याची एकूण ऊर्जा ही केवळ त्याची विरामऊर्जा होय. त्याने फोटॉन सोडला तर प्रतिक्षेपामुळे त्याला गतिज ऊर्जा मिळेल आणि शिवाय फोटॉनचीही ऊर्जा द्यावी लागेल. म्हणजे नंतरची ऊर्जा आधीच्या ऊर्जेहून जास्त होईल. ऊर्जा आणि संवेग यांच्या अक्षय्यतेचे नियम एकाच वेळी पाळले जाणार नाहीत. याच कारणाने मुक्त इलेक्ट्रॉन एकटा फोटॉन शोषूनही घेऊ शकत नाही. थोडक्यात, नावातील पहिला शब्द अक्षरशः घेतला तर उरलेले दोन शब्द अशक्य ठरतात.

प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन शलाका अनड्युलेटर नावाच्या चुंबकरचनेतून नेली जाते. तीत उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून पालटून मांडलेले असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनचा मार्ग नागमोडी होतो. अशा रचनेची कल्पना हान्स मोट्झ यांनी १९५१ मध्ये मांडली आणि १९५३ मध्ये स्टॅनफर्ड येथे सहकाऱ्यांसह तिचा प्रयोगही केला. चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनला आडवा त्वरण देते आणि त्वरणित प्रभार प्रारण करतो, एवढी गोष्ट पदवीच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते.

या प्रारणाची तरंगलांबी ठरते कशी, हे सापेक्षता सिद्धांताच्या दोन पावलांत कळते. प्रकाशवेगाच्या अगदी जवळ धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला चुंबकरचनेचा आवर्त गॅमा पटींनी आखडलेला दिसतो. येथे गॅमा म्हणजे इलेक्ट्रॉनच्या एकूण ऊर्जेचे विरामऊर्जेशी असलेले गुणोत्तर. इलेक्ट्रॉनच्या चौकटीत त्याच लांबीचे प्रारण निर्माण होते. प्रयोगशाळेत समोरून पाहणाऱ्याला डॉप्लर परिणामामुळे ते आणखी सुमारे दोन गॅमा पटींनी आखडलेले दिसते. म्हणजे तरंगलांबी ही चुंबकीय आवर्त भागिले गॅमाच्या वर्गाची दुप्पट एवढी येते. मार्ग नागमोडी असल्याने पुढे जाण्याचा सरासरी वेग किंचित घटतो, म्हणून तिला ‘एक अधिक के-वर्गाचा निम्मा भाग’ या घटकाने गुणावे लागते. ‘के’ ही राशी चुंबकीय क्षेत्राचे बल आणि आवर्त यांच्या गुणाकारावर अवलंबून असते.

स्लॅकच्या यंत्राचे आकडे घालून पाहावे. इलेक्ट्रॉनची ऊर्जा १३.६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे गॅमा सुमारे २६,६००, आवर्त ३ सेंटिमीटर, ‘के’ ३.५. उत्तर १.५ अँगस्ट्रॉम येते. बोटाने मोजता येईल अशी चुंबकांमधील लांबी वीस कोटी पटींनी लहान होऊन अणूच्या आकाराची झाली. या गणितात प्लांक यांचा स्थिरांक कोठेही आला नाही, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

तेव्हा ‘मुक्त’ या शब्दाचा येथील अर्थ ‘अणूला न बांधलेला’ इतकाच आहे. मराठीत त्यासाठी ‘अबद्ध’ हा नेमका शब्द आहे. बंधन नसल्याने ऊर्जापातळ्या नाहीत आणि पातळ्या नसल्याने तरंगलांबी पदार्थाच्या स्वभावाने ठरत नाही. शलाकेची ऊर्जा किंवा चुंबकांमधील अंतर बदलून ती हवी तशी बदलता येते. ही या साधनाची सर्वांत मोठी उपयुक्तता आहे. परंतु अबद्ध असणे आणि मुक्त असणे यांत फरक आहे. चुंबकीय क्षेत्राने पावलोपावली वळवलेला हा इलेक्ट्रॉन मुक्त असता तर त्याने प्रकाशच दिला नसता.

३. ‘इलेक्ट्रॉन’ : एकवचनाचा भ्रम

आतापर्यंतचे वर्णन एका इलेक्ट्रॉनला लागू पडते. तेवढ्याने सिंक्रोट्रॉन स्रोतांतील अनड्युलेटर-प्रारण समजते, पण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर समजत नाही. दोहोंत फरक आहे तो इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधाचा.

शलाकेतील इलेक्ट्रॉन सामान्यतः यदृच्छेने विखुरलेले असतात. प्रत्येकाने सोडलेल्या तरंगाची कला वेगळी असते आणि एकूण तीव्रता इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणात राहते. हेच इलेक्ट्रॉन एकेका तरंगलांबीच्या अंतराने पातळ थरांत मांडले गेले, तर सर्व तरंग एकाच कलेत मिळतील आणि तीव्रता संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल. ३,००० अँपिअर प्रवाहाच्या शलाकेत १.५ अँगस्ट्रॉम लांबीच्या एका कापात सुमारे ९,००० इलेक्ट्रॉन असतात. परस्परांशी ताळमेळ साधू शकणारा शलाकेचा भाग याच्या शेकडो पट लांब असतो, म्हणजे त्यात दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन येतात. संख्या आणि संख्येचा वर्ग यांतील तफावत किती प्रचंड आहे, हे यावरून ध्यानात यावे.

हे थर बाहेरून कोणी रचत नाही. प्रारण आणि शलाका मिळून ते रचतात. त्याची प्रक्रिया अशी. प्रकाशाच्या तरंगातील विद्युतक्षेत्र आडवे असते, म्हणून सरळ जाणाऱ्या इलेक्ट्रॉनशी त्याची ऊर्जेची देवघेव होत नाही. अनड्युलेटरमुळे इलेक्ट्रॉनला आडवा वेग मिळतो आणि देवघेव शक्य होते. इलेक्ट्रॉन चुंबकरचनेचा एक आवर्त ओलांडतो तेवढ्या वेळात प्रकाश त्याच्यापुढे बरोबर एक तरंगलांबी सरकतो. तीन सेंटिमीटरच्या वाटचालीत दीड अँगस्ट्रॉमची आघाडी. त्यामुळे आडव्या वेगाची आणि क्षेत्राची दिशा एकाच वेळी उलटते आणि ज्या इलेक्ट्रॉनने एकदा ऊर्जा दिली तो देतच राहतो, ज्याने घेतली तो घेतच राहतो. ऊर्जा मिळवणारा इलेक्ट्रॉन कमी वळणांच्या मार्गाने पुढे जातो, गमावणारा मागे पडतो. परिणामी इलेक्ट्रॉन तरंगाच्या ठरावीक कलेभोवती गोळा होऊ लागतात. थर जितके स्पष्ट, तितके प्रारण तीव्र. प्रारण जितके तीव्र, तितके थर अधिक स्पष्ट. ही वाढ घातांकी असते. स्लॅकच्या यंत्रात दर साडेतीन मीटरांच्या सुमारास शक्ती सुमारे २.७ पट होत गेली आणि साधारण ६० मीटरांवर ती संपृक्त झाली.

आरंभीचे प्रारण कोठून येते? क्ष-किरणांच्या बहुतेक यंत्रांत ते शलाकेच्या गोंगाटातून येते. इलेक्ट्रॉन सुटे कण असल्यामुळे त्यांची घनता कधीच अगदी एकसारखी नसते. या यादृच्छिक चढउतारांतील योग्य तरंगलांबीचा अंश निवडला जातो आणि वाढतो. कोंद्रातेन्को आणि साल्दिन यांनी १९८० मध्ये, तर बोनिफासिओ, पेलेग्रिनी आणि नार्दुची यांनी १९८४ मध्ये या सामूहिक अस्थिरतेचा सिद्धांत मांडला. स्लॅकच्या जुन्या रेषीय वेगवर्धकाचा क्ष-किरणांसाठी उपयोग करावा ही सूचना पेलेग्रिनी यांनी १९९२ मध्ये केली आणि ती सतरा वर्षांनी फळाला आली.

म्हणून संज्ञेतील ‘इलेक्ट्रॉन’ हे एकवचन फसवे आहे. अणूच्या लेसरमध्ये प्रत्येक अणू एका संक्रमणात एक फोटॉन देतो आणि इतर अणूंना त्याची खबर नसली तरी चालते. येथे एकट्या इलेक्ट्रॉनच्या वर्तनाला अर्थ नाही. प्रवाह पुरेसा दाट नसेल किंवा इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांत फार विषमता असेल तर थर जमत नाहीत, आणि तेच कण त्याच चुंबकांतून जाऊनही केवळ साधे अनड्युलेटर-प्रारण मिळते.

४. ‘लेसर’ : वारसा कोणाचा?

आता मुख्य शब्दाकडे वळू. १९७१ मध्ये जॉन मेडी यांनी आवर्ती चुंबकीय क्षेत्रातील उद्दीपित प्रारणावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांची मांडणी पुंजयामिकीची होती. फोटॉन सोडताना इलेक्ट्रॉनला प्रतिक्षेप होतो, म्हणून उत्सर्जनाची कंप्रता किंचित कमी असते. शोषणाची किंचित जास्त. उत्सर्जनाचा आणि शोषणाचा असे दोन आलेख अल्पसे सरकलेले राहतात आणि त्यांच्यातील फरक म्हणजे विवर्धन. संख्येच्या व्युत्क्रमणाची जागा येथे प्रतिक्षेपाने घेतली. १९७६ मध्ये मेडी आणि सहकाऱ्यांनी २४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या शलाकेने १०.६ मायक्रोमीटरच्या अवरक्त प्रारणाचे विवर्धन करून दाखवले. १९७७ मध्ये त्याच गटाने आरशांच्या पोकळीत ३.४ मायक्रोमीटरवर स्वयंपूर्ण दोलन मिळवले. ‘लेसर’ हे नाव या परंपरेतून आले.

पण मेडी यांच्या अंतिम सूत्रात एक विलक्षण गोष्ट घडते. दोन आलेखांमधील अंतर प्लांक-स्थिरांकाच्या प्रमाणात असते, तर ठरावीक ऊर्जेत मावणाऱ्या फोटॉनांची संख्या त्या स्थिरांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. गुणाकारात स्थिरांक नाहीसा होतो. ज्या उत्तरात प्लांक-स्थिरांक उरत नाही, ते उत्तर त्याच्याविना मिळायला हवे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. १९७६ मध्ये हॉप्फ, मेस्त्र, स्कली आणि लुइसेल यांनी या साधनाचा अभिजात सिद्धांत दिला आणि १९७७ मध्ये कोल्सन यांनी इलेक्ट्रॉनची गती लंबकाच्या समीकरणाने मांडली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी शिकवला जाणारा लंबक क्ष-किरणांच्या सर्वांत आधुनिक स्रोताची किल्ली ठरावा, यात एक वेगळेच समाधान आहे.

अभिजात वर्णन पुरेसे का आहे, हे आकड्यांनी पाहता येते. १.५ अँगस्ट्रॉमच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ८.३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. १३.६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने हा प्रतिक्षेप दहा लाखांत एका भागाहूनही कमी आहे. विवर्धनाचा ऊर्जापट्टा मात्र दहा हजारांत पाच भागांच्या घरात, म्हणजे त्याहून कित्येक शेपटींनी रुंद आहे. एका स्पंदात दीड अब्जांच्या आसपास इलेक्ट्रॉन आणि दहा निखर्वांच्या, म्हणजे १०१२ (दहाचा बारावा घात), आसपास फोटॉन असतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन सरासरी शेकडो फोटॉन देतो. इतक्या लहान पायऱ्यांचा जिना उताराहून वेगळा ओळखू येत नाही.

इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. मेडी यांच्या निबंधाच्या दशकभर आधी, १९६० मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या सूक्ष्मतरंग प्रयोगशाळेतील रॉबर्ट फिलिप्स यांनी ‘युबिट्रॉन’ या इलेक्ट्रॉन नलिकेचे वर्णन प्रसिद्ध केले होते. तीत इलेक्ट्रॉन आवर्ती चुंबकीय क्षेत्रातून नागमोडी नेले जात आणि मिलिमीटर तरंगांचे विवर्धन होत असे. तिची वंशावळ लेसरकडे नव्हे, तर क्लायस्ट्रॉनकडे जाते. रसेल आणि सिगर्ड व्हेरियन या बंधूंनी १९३७ मध्ये तयार केलेल्या क्लायस्ट्रॉनमध्येही इलेक्ट्रॉनांच्या वेगात फरक पाडून त्यांचे गट बनवले जातात आणि ते गट प्रारणाला ऊर्जा देतात. गंमत अशी की, स्लॅकच्या वेगवर्धकाला शक्ती पुरवणारी साधने क्लायस्ट्रॉनच आहेत. एकाच प्रयोगशाळेत, एकाच तत्त्वाने, सेंटिमीटरांचे तरंगही निर्माण होतात आणि अँगस्ट्रॉमचेही. साल्दिन, श्नाइडमिलर आणि युर्कोव्ह यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या या विषयावरील ग्रंथाची मांडणी अभिजात विद्युतगतिकीच्या आधारे आहे, हेही लक्षणीय आहे.

शेवटची कसोटी प्रकाशाच्या सांख्यिकीची. रॉय ग्लाउबर यांनी १९६३ मध्ये कलासंबद्धतेचा जो सिद्धांत दिला, त्यानुसार आदर्श लेसरच्या प्रकाशाची ओळख केवळ एका रंगाने किंवा एका दिशेने पटत नाही. तीव्रतेच्या चढउतारांचे स्वरूपही पाहावे लागते. गोंगाटातून वाढलेल्या मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरचे प्रारण संपृक्तीपूर्वी या कसोटीवर तापदीप्त दिव्याच्या ध्रुवित प्रकाशासारखे ठरते. आडव्या दिशेने ते बऱ्याच अंशी कलासंबद्ध असते. स्लॅकच्या प्रारणावर द्विछिद्र प्रयोग करून २०११ मध्ये याची खात्री करण्यात आली. काळाच्या दिशेने मात्र एक स्पंद म्हणजे परस्परांशी कलेने असंबद्ध अशा अनेक शिखरांची माळ असते आणि एकेका शिखराचा कालावधी फेम्टोसेकंदाहूनही कमी असतो.

५. आक्षेपांचा विचार

येथवरच्या विवेचनावरून ‘हा लेसर नव्हेच’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो घाईचा ठरेल. पहिली गोष्ट, मेडी यांचे गणित चुकीचे नव्हते. उद्दीपित उत्सर्जन आणि थरांची निर्मिती ही एकाच घटनेची दोन वर्णने आहेत. फोटॉनांची संख्या मोठी आणि प्रतिक्षेप लहान असताना पहिले वर्णन दुसऱ्यात विलीन होते. आधीपासून असलेल्या प्रारणाच्या कलेशी जुळवून नवे प्रारण निर्माण होणे हा उद्दीपनाचा गाभा मानला, तर तो येथे नक्कीच आहे.

दुसरी गोष्ट, पुंजयामिकीला येथे मुळीच स्थान नाही असेही नाही. अनड्युलेटरमध्ये उत्स्फूर्त प्रारण सुट्या फोटॉनांनी होत असल्याने इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांत विषमता वाढते आणि अतिलघू तरंगलांबींकडे जाताना ही मर्यादा जाचक ठरते. प्रतिक्षेप विवर्धनाच्या पट्ट्याहून मोठा असेल अशा परिस्थितीचा पुंजयामिक सिद्धांतही बोनिफासिओ आणि इतरांनी पुढे विकसित केला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. नाव आधी मिळाले आणि साधन नंतर त्या नावाला पात्र होऊ लागले, असे येथे घडले आहे. इटलीतील त्रिएस्ते येथील ‘फर्मी’ या यंत्रात गोंगाटाऐवजी बाह्य लेसरच्या प्रारणाचे बीज वापरले जाते आणि शलाकेतील थर त्या बीजाच्या कलेत रचले जातात. या प्रारणाची सांख्यिकी खऱ्या लेसरसारखी आहे, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसून आले. स्लॅक येथे २०१२ मध्ये हिऱ्याच्या स्फटिकाच्या साहाय्याने प्रारणाचेच बीज वापरण्याची पद्धत यशस्वी झाली. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्वभावांचे प्रकाशस्रोत नांदत आहेत. नाव त्यांतील भेद सांगत नाही. तो शिक्षकाने सांगावा लागतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. गोंगाटातून वाढलेल्या प्रारणाच्या स्पंदात परस्परांशी असंबद्ध अशी सुमारे १०० शिखरे असतील, तर स्पंदास्पंदांतील ऊर्जेचे चढउतार सुमारे १० टक्के राहतील. प्रयोगकर्त्याने एकरंगी प्रारण हवे म्हणून वर्णपट अरुंद करत नेला आणि अखेर एकच शिखर उरले, तर चढउतार सरासरीइतकेच मोठे होतील. जो ‘लेसर’ या नावावर विसंबून स्थिर तीव्रता गृहीत धरील, तो नमुन्याच्या गुणधर्माऐवजी स्रोताचा गोंगाट मोजून बसेल. अशा यंत्रांवर प्रत्येक स्पंदाची स्वतंत्र नोंद ठेवण्याची काळजी घेतली जाते, ती याचसाठी.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

आपल्या महाविद्यालयांतून विद्युतगतिकी हा ‘पूर्ण झालेला’ विषय म्हणून शिकवला जातो. मॅक्सवेल यांची समीकरणे, तरंग, लिएनार-वीशर्ट विभव आणि अखेरीस त्वरणित प्रभाराचे प्रारण, येथे अभ्यासक्रम संपतो. नवे ते सारे पुंजयामिकीत, असा एक अस्फुट संदेश विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो. मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर हा त्या समजाला दिलेला सर्वांत प्रभावी छेद आहे. लॉरेन्ट्झ बल, मॅक्सवेल यांची समीकरणे, सापेक्षतेचे डॉप्लर सूत्र आणि लंबक एवढ्या सामग्रीवर एकविसाव्या शतकातील एक अग्रगण्य संशोधनसाधन समजावून देता येते. त्याला लेसरच्या प्रकरणाच्या शेपटाला बांधून आपण ही संधी वाया घालवतो. विद्यार्थी ऊर्जापातळ्यांच्या निष्फळ शोधात राहतो आणि स्वतःला येत असलेल्या भौतिकीवर उभे राहण्याचा आत्मविश्वास गमावतो.

म्हणून हा विषय प्रारणाच्या प्रकरणानंतर शिकवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रथम एका इलेक्ट्रॉनचे अनड्युलेटर-प्रारण आणि तरंगलांबीचे सूत्र घ्यावे. मग संख्या आणि संख्येचा वर्ग यांतील फरक सांगावा. त्यानंतर लंबकाच्या समीकरणातून थरांची निर्मिती दाखवावी. संगणकावर काही हजार इलेक्ट्रॉनांच्या कला आणि ऊर्जा पावलापावलाने मोजून थर जमताना पाहणे हे पदव्युत्तर प्रकल्पाच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. सर्वांत शेवटी मेडी यांची पुंजयामिक मांडणी घेऊन प्लांक-स्थिरांक कसा गळून पडतो ते दाखवावे. दोन सिद्धांतांमधील संगतीचे इतके सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकांत विरळाच.

हा विषय परदेशापुरता आहे, असेही नाही. इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन प्रारणस्रोत आहे आणि तेथेच अवरक्त मुक्त-इलेक्ट्रॉन लेसरही उभारण्यात आला आहे. जळगावहून इंदूर हे मुंबईपेक्षा जवळ आहे. अनड्युलेटर म्हणजे काय, हे समजून तेथे गेलेला विद्यार्थी आणि न समजता गेलेला विद्यार्थी यांच्या भेटींत मोठे अंतर राहील.

७. समारोप

‘मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर’ या संज्ञेतील ‘मुक्त’ म्हणजे अबद्ध, ‘इलेक्ट्रॉन’ म्हणजे इलेक्ट्रॉनांचा परस्परांशी जुळलेला समूह आणि ‘लेसर’ म्हणजे उद्दीपनाने वाढणारे, पण कलासंबद्धतेच्या बाबतीत दर यंत्रागणिक तपासून घ्यावे लागणारे प्रारण, असा अर्थविस्तार प्रस्तुत विवेचनातून निष्पन्न होतो. नाव रूढ आहे आणि ते राहणारच. परंतु पुढच्या वेळी वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने ‘सर, यातल्या ऊर्जापातळ्या कोणत्या?’ असे विचारले, तर ‘हा वेगळ्या प्रकारचा लेसर आहे’ असे म्हणून त्याला गप्प बसवू नये. त्याचा प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर त्याने आधीच शिकलेल्या विद्युतगतिकीत आहे, हे त्याला सांगावे.